केळ्यावरचं चिलट



एकांकिका आत्ताच संपली आहे, बक्षिसं अजून वाटायची आहेत आणि मध्ये मी उभा आहे. तेव्हा एकाच माणसाबद्दल बोलतो : ओबेद सिद्दिकी. हे नाव किती जणांनी ऐकलंय, असं विचारत नाही. उत्तर ऐकून मलाच वाईट वाटेल.

१९३२ साली उत्तर प्रदेशातल्या बस्तीत त्यांचा जन्म झाला. अलीगढला शिक्षण घेऊन ते दिल्लीत गव्हावर संशोधन करू लागले, तर गारपिटीने प्रयोगाचं पीकच आडवं केलं. गारपीट म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्यांना मी सांगायला नको. मग ते ग्लासगोला गेले आणि गव्हाऐवजी बुरशीच्या जनुकांवर पीएच.डी. केली. पुढे अमेरिकेत जिवाणूंवर काम केलं. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञांच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करायचा होता. सिद्दिकींचं वय तेव्हा तीस!

आता चिलटांकडे येतो. पिकल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला. साधारण दहा दिवसांत नवी पिढी तयार होते, खर्च जवळजवळ नाही. अमेरिकेतल्या कॅल्टेकमधले सीमोर बेंझर या चिलटांच्या वागण्यामागची जनुकं शोधत होते. सत्तरच्या दशकात सिद्दिकींनी त्यांच्याबरोबर काम केलं. त्यांना असं एक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, सापडलं, की ते असलेली चिलटं एरवी अगदी धडधाकट असायची, पण तापमान ३८ अंशांच्या आसपास नेलं की धडाधड कोसळायची. गार केल्यावर शुद्धीवर यायची, पण लगेच नाही. जितका वेळ तापवलं असेल, तितकी जास्त रेंगाळायची. या जनुकाला नाव मिळालं ‘कोमाटोज’. १९७६ मध्ये दोघांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

कोसळण्याचं कारण कळायला मात्र जवळपास वीस वर्षं लागली. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांच्या सूक्ष्म पुड्यांतून. पुडी पेशीच्या कडेला चिकटते, फुटते, रसायन बाहेर पडतं. हे घडवून आणणारी प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंततात आणि पुढच्या निरोपासाठी ती सोडवावी लागतात. सोडवण्याचं काम एनएसएफ नावाचं प्रथिन करतं. कोमाटोज हे त्याच प्रथिनाचं जनुक निघालं! या चिलटांमधलं बदललेलं प्रथिन उष्णतेत निकामी होतं, गुंता सुटत नाही आणि निरोप थांबतात.

हे इतकं सविस्तर सांगतोय त्याला कारण आहे. मुलगा गणितात नापास झाला की आपण म्हणतो, ‘रक्तातच नाही.’ वर्तमानपत्रं तर दर महिन्याला बुद्धीचं नाहीतर रागाचं जनुक शोधून काढतात. पण कोमाटोज हे काही ‘कोसळण्याचं जनुक’ नव्हतं. जनुक प्रथिन घडवतं. प्रथिनापासून वागण्यापर्यंतची वाट फार लांब आहे. चिलटाची एवढी, तर माणसाची किती असेल! ‘खाण तशी माती’ ही म्हण सोयरिकी जुळवताना वापरणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकी वास आणि चव यांच्याकडे वळले. केनियात जन्मलेली वेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनला शिकत होती. तिने त्यांना पत्र लिहिलं आणि ती पीएच.डी.साठी थेट कुलाब्याला, टाटा संस्थेत आली. चिलटाला गोड-कडू कळतं का, हे त्याला विचारणार कसं? त्यांनी खाद्यात रंग मिसळला आणि पोटं पाहिली. ज्याचं पोट रंगलं, त्याने खाल्लं. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या प्रयोगांत हाच सर्वांत देखणा. १९७८ मध्ये दोघांचा या विषयावरचा निबंध आला. वास आणि चव न ओळखणाऱ्या चिलटांचे कितीतरी वाण कुलाब्यात वाढले.

पुढे बंगळूरला त्यांनी राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. जुलै २०१३ मध्ये, रस्त्यावरच्या अपघातानंतर, ते गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं. मानकऱ्यांमध्ये जेम्स रॉथमन होते, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेने ते एनएसएफ प्रथिन शोधलं, तेच.

तुमच्या जीवशास्त्राच्या मॅडमशी मघाशी बोललो. काचेच्या बरण्या आहेत, भिंग आहे. केळी मी पाठवतो. ज्यांना यायचंय त्यांनी सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे नाव द्या.