तनछोई सुरतेत का टिकली नाही?



सुरतेत कापडावर पोट असणाऱ्यांची उणीव नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना हे मी काय सांगू! घरातलं एखादं माणूस पॉवरलूमवर पाळी करतंच. पण आज बोलायचं आहे ते याच शहरातल्या विणकरांनी समुद्रापलीकडून आणलेल्या आणि पुढे याच शहरातून निघून गेलेल्या एका हातविणीबद्दल.

तनछोई हे तिचं नाव. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांचा चीनशी मोठा व्यापार होता. त्यांनी सुरतेच्या जोशी या पारशी घराण्यातल्या तीन भावांना रेशीम विणायला शिकण्यासाठी चीनला पाठवलं, असं सांगतात. छोई नावाच्या उस्तादाकडे ते तिघे शिकले आणि त्यावरून कापडालाही तनछोई हे नाव पडलं. साटिनची तुकतुकीत जमीन, तिच्यावर फुलं आणि पक्षी. नक्षीचे धागे विणीतच असे बांधून टाकलेले की कापड उलटून पाहिलं तरी मागे सुटा धागा लोंबत नाही. पारशी स्त्रियांनी हे कापड पिढ्यान्‌पिढ्या हौसेनं वापरलं.

ही विद्या इथे मुख्यतः त्या एका घराण्यातच राहिली. तिकडे बनारसच्या विणकरांनी ती उचलली. मोहल्ल्यामोहल्ल्यात तिचे माग लागले, कापड स्वस्त झालं, नवे नमुने निघाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जोशी घराण्याचं विणकाम थांबलं. आज दुकानात तनछोई मागितली तर बनारसीच पुढे येते. मला यातून एकच गोष्ट पक्की दिसते: विद्या घरात कोंडली की घराबरोबर संपते, आणि दहा दारी गेली की तगते.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकानं पाहायची तर येवल्याला चला. पैठणीच्या काठापदराला लागणारी बरीचशी जर सुरतेहून जाते, तेव्हा सुरतेचं येवल्याशी नातं आहेच. येवल्यात हे काम एके काळी खत्री, कोष्टी, साळी अशा ठरावीक समाजांकडे होतं. आता गावातली आणि भोवतालच्या खेड्यांतली इतर समाजांची तरुण मुलंमुलीही मागावर बसतात. हातविणीच्या पैठणीत पदरावरचा मोर यंत्र उमटवत नाही. प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीवर असतो, तो हातानं ताण्यात गुंतवायचा, शेजारच्या रंगाशी अडकवायचा, की पुढची ओळ. नजर आणि बोटं तयार व्हायला महिनोन्‌महिने जातात. आणि त्या महिन्यांत घर कशावर चालवायचं?

खरी अडचण इथे आहे, श्रोतेहो. तरुणांना परंपरेचं प्रेम नाही, असं आपण फार सहज म्हणतो. मला ते पटत नाही. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची मिळकत पाच हजार रुपयांच्या आत निघाली. एवढ्यावर संसार चालतो का? वडिलांचे हाल पाहिलेल्या मुलानं माग सोडला तर त्याला बोल कसा लावायचा?

यावर वाट शोधणारेही आहेत. महेश्वरला, अहिल्याबाईंच्या गावी, विमेनवीव्ह संस्थेची हातमाग शाळा आहे. तिथे वेगवेगळ्या राज्यांतले तरुण विणकर येतात आणि विणीच्या जोडीला रंगसंगती, हिशेब, संगणक, गिऱ्हाइकाशी बोलणं शिकतात. मालकानं दिलेला नमुना उतरवणारा मजूर आणि स्वतःचा नमुना काढून त्याची किंमत सांगणारा कारागीर यांच्यात केवढं अंतर आहे! आणि घरदार तुटलेल्यांचंही उदाहरण आहे. म्यानमारमधून परागंदा झालेल्या करेन समाजाच्या स्त्रिया अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात एका वाचनालयात जमतात आणि कमरेला बांधायच्या मागावरची आपली वीण तिथे विणतात, शिकवतात. गाव सुटलं, पण माग सुटला नाही.

आपणही सुरतेला गाव सोडूनच आलो. आपल्या वस्तीतल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला ताणा, बाणा, जेकार्ड नव्यानं समजावावं लागत नाही. तुटलेला धागा तो चालत्या गोंगाटात जोडतो. अर्धा विणकर तो आधीच आहे. त्याला नि त्याच्या बहिणीला हातमागावर बसायची संधी मात्र कुणी दिलेली नाही.

माझं मागणं साधं आहे. सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, मंडळं आहेत, मंडळांच्या जागा आहेत. त्यातल्या एकीत दोन हातमाग लावावेत. येवल्याचा एक जाणता विणकर वर्षभर इथे बोलवावा, त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि शिकणाऱ्या मुलामुलींना लूमवरच्या पाळीइतकं विद्यावेतन द्यावं. ते नसेल तर पहिल्या महिन्यातच मुलं परत लूमवर जातील. खर्चाचा वाटा जरीच्या व्यापाऱ्यांनी उचलावा, कारण हातानं पैठणी विणणारे राहिले तरच त्यांच्या चांगल्या जरीला गिऱ्हाईक राहील. कुणाची तयारी असेल, तर पहिली बैठक दिवाळीच्या सुटीआधी घ्यावी. सुटीत आपली निम्मी वस्ती खानदेशात गेलेली असते.