ट्युरिनचा करारनामा

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कष्टकऱ्यांच्या मुलांचा प्रश्न नव्याने सांगावयास नको. इटलीतील ट्युरिन शहरात हाच प्रश्न जॉन बॉस्को या तरुण कॅथलिक धर्मगुरूपुढे इ. स. १८४१ मध्ये उभा राहिला. बॉस्कोचा जन्म १८१५ चा, शेतकरी कुटुंबातला. दोन वर्षांचा होण्यापूर्वीच वडील वारले. पोरकेपण त्याला ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

दीक्षा घेतल्यावर तो ट्युरिनच्या तुरुंगांत जाऊ लागला. तेथे मिसरूडही न फुटलेली मुले कोंडलेली पाहून तो हादरला. खेड्यांतून कामासाठी आलेली ही पोरे. त्यांना बाहेर कोणी आपले म्हणणारे असते, तर ती येथे आली असती काय?

मुलांना आसरा देण्याचा त्याचा पहिला प्रयोग मात्र फसला. गवताच्या माळ्यावर निजविलेली पोरे पहाटे चादरी-कांबळी घेऊन पसार झाली! दुसरा कोणी असता तर दार कायमचे लावून घेता. पण १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा आला, तेव्हा बॉस्कोची आई मार्गारीता हिने स्वयंपाकघरातच विटांवर फळ्या मांडून त्याचे अंथरूण घातले. पुढे शेकडो मुलांचे घर झालेल्या वसतिगृहाचा आरंभ हा असा आहे. या माउलीचे नाव सहसा कोणी घेत नाही, हे खरे तर नवलच.

बॉस्कोची खरी दृष्टी दिसते ती त्याने मुलांसाठी केलेल्या करारांत. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका सुतार-मालकाशी झालेला लेखी करार उपलब्ध आहे. मालकाने मुलास धंदा शिकवावा, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. सणाच्या दिवशी सुटी, शिवाय वर्षाला पंधरा दिवसांची रजा. भूतदयेचे उमाळे अनेकांना येतात. मालकाची सही घेण्याचे मात्र थोड्यांना सुचते.

बॉस्को १८८८ साली निवर्तला. १९०६ मध्ये त्याच्या सालेशियन संघाचे लोक तंजावरला आले, पुढे मुंबईत. माटुंग्याच्या शाळेमुळे त्याचे नाव मराठी घरांतही परिचित झाले.

निपाणी भागात तशी सही घ्यावयाची कोणाची, हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना विड्या वळण्याच्या कामास लावणे निषिद्ध केले. परंतु कुटुंबीयांच्या मदतीने चालणारे काम त्याने त्या वेळी वगळले होते. विड्या तर बहुतेक घरीच वळल्या जातात. आईच्या मांडीशी सूप, सुपात तंबाखू, आणि शेजारी बसलेली मुलगी विडीला दोरा गुंडाळते. ट्युरिनचा सुतार समोर तरी होता. येथे मालक दाराशी येतच नाही, आणि आईला दिवसाचा आकडा भरावयाचा असतो.