नाल्याची वही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नाल्याला फेस आला, मासे उलटे तरंगले की गावात आरडाओरड होते. कुणीतरी बाटलीत पाणी भरून कचेरीत नेतो. अर्जावर शिक्का बसतो. आठ दिवसांनी साहेब येतात, तोवर पाणी निवळलेले असते. अर्ज निकाली!

एका बाटलीने काही सिद्ध होत नाही, हे आधी समजून घेऊ. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचे कलम २१ सांगते, की सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्याने रीतसर घेऊन मोहरबंद केला असेल तरच त्याचा निकाल कोर्टात पुरावा होतो. मग आपल्या हातात काय? तो अधिकारी कोणत्या जागी, कोणत्या वेळी आला पाहिजे, हे ठणकावून सांगणारी वही.

हा प्रश्न फक्त पिण्याच्या पाण्याचा नाही. नाल्यावर इंजिन लावून आपण कपाशीला एखादे ओलित देतो. शेतकी कॉलेजात आम्ही शिकलो तो हिशेब तुमच्यापुढे मांडतो. पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेने मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत ओलिताच्या पाण्याला २२५० मायक्रोम्होपर्यंत मुभा आहे. अशा पाण्यात लिटरमागे सुमारे १४४० मिलिग्रॅम क्षार असतात. एकराला दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर, म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल क्षार. तेही मर्यादेतल्या पाण्याने! आपल्या भारी काळ्या जमिनीला निचरा नाही. सोडियम साचले की ती चोपण होते. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आपण पाहिला आहे. तिथली खार निसर्गाची आहे, नाल्यातून येणारी खार माणसाची आहे.

आता वही कशी ठेवायची? तीन जागा ठरवा. सांडपाणी मिळते त्याच्या वर, खाली ते नीट मिसळते तिथे, आणि आपल्या गावाच्या पाणवठ्यावर. वरची जागा सोडू नका, नाहीतर समोरचा म्हणेल, पाणी वरूनच नासलेले येते. दर पंधरा दिवसांनी ठरल्या वेळी जा. पहिल्या पावसाला जा, पाणी बदललेले दिसले की लगेच जा. तारीख, वेळ, धार, रंग, वास लिहा. वाहकतेचे खिशात मावणारे मीटर मिळते, त्याचा आकडा लिहा. पाण्यातले दगड उलटून पाहा. तीन शेपट्यांच्या बारीक अळ्या दिसल्या तर पाणी बरे. नुसत्या लाल अळ्या दिसल्या तर पाण्यात प्राणवायू कमी. हा प्राणवायू रात्रभर घटतो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी येऊन ‘पाणी ठीक’ लिहिणाऱ्याला पहाटे बोलवा.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच जणींना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवायचे ठरले आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, संच कुठे पडला आहे, हे ग्रामसभेत विचारा. संचातून नायट्रेट, क्लोराईड, फ्लोराईड कळते. फवारणीचे औषध मात्र कळत नाही, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर गावाचा नियम लिहा : पंप आणि औषधाचे डबे नाल्यात धुवायचे नाहीत. बोट दाखवणाऱ्याचा हात स्वच्छ हवा.

तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की ग्रामसभेचा ठराव करा. नोंदींची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला द्या, पोच घ्या. अमुक जागी, अमुक वेळी नमुना घ्या, अशी मागणी करा. निकाल दडवला तर २००५ च्या माहिती अधिकारात मागा. तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे. तिथे तारीखवार नोंदी कामी येतात.

पुढच्या मेळाव्याला नाल्याकाठच्या प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे. एकाच नाल्यावरच्या पाच गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की घाण कुठून सुटते ते आपल्याला कुणी सांगायची गरज उरणार नाही.