पाथरी: वाडा, गाव आणि चतुःसीमा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा-बारा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. म्हणून गावाबद्दल बोलते. आपल्या सोसायटीत कुणी जिंतूरचं, कुणी सेलूचं, कुणी गंगाखेडचं. माझं माहेर पाथरी. परभणीहून निघालं, मानवत ओलांडलं की पाथरी. पहाटे निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकं जवळ. तरी आई गेल्यापासून सात वर्षांत माझं जाणं झालं नव्हतं. भाऊ पुण्याला आणि हैदराबादला. कुलूप लावलेल्या घरी जायचं कुणाकडे? माहेर म्हणजे दार उघडणारं माणूस, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

यंदा उन्हाळ्यात जावं लागलं, ते वाडा विकायला. भावांनी गिऱ्हाईक ठरवलं होतं. बहिणीची सही लागते, म्हणून मला बोलावणं आलं.

आजच्या मुलांना माळवदाचं घर ठाऊक नसेल. सागवानी खांब, वर तुळया, त्यावर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर हातभर मातीचा थर. हे छप्पर दरवर्षी सांभाळावं लागतं. मृगाच्या आधी गाडीभर पांढरी माती आणायची, माळवदावर पसरायची, चोपायची. ती माती चिकट, पाणी खाली उतरू देत नाही. एक वर्ष चुकलं की गळती, दुसरं वर्ष चुकलं की तुळईला कीड. आमचे वडील शिक्षक होते. पगार थोडा, पण पांढरी माती कधी चुकली नाही. ते गेल्यावर आईनं जमेल तितकी वर्षं केलं. या खेपेला आत गेले तर ढाळज उभी होती, मधला चौक तसाच होता, पण मागच्या दोन खणांचं माळवद खाली आलं होतं. आडावर जाळी टाकलेली. स्वयंपाकघरातल्या दिवळीत आईची काजळी मात्र अजून होती. भाऊ म्हणाला, "ताई, दुरुस्तीला जेवढा पैसा लागेल तेवढ्यात नवं घर होईल. आणि राहणार कोण?" त्याचं बरोबर होतं. मी काही बोलले नाही.

सहीला अवकाश होता, म्हणून गावात फिरले. पाथरी लहान दिसतं, पण त्याचा इतिहास मोठा आहे. मुलांनो, हा भाग नीट ऐका.

अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची निजामशाही तुम्ही पुस्तकात वाचली आहे. इतिहासकार फरिश्ता सांगतो की या घराण्याचं मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांकडे जातं. त्यांच्यातला एक मुलगा विजयनगरच्या मुलखात असताना बहमनी सैन्याच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि पुढे मलिक हसन नावानं मोठा सरदार झाला. त्याचा मुलगा अहमद यानं १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली. अहमदचा मुलगा बुऱ्हाण. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणनं निरोप धाडला, आमच्या पूर्वजांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहा नाही म्हणाला. मग १५१८ मध्ये बुऱ्हाणनं फौज पाठवून पाथरी घेतली. ती हातची गेली, तर १५२७ मध्ये पुन्हा घेतली, आणि फरिश्ता म्हणतो की गाव आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकलं. धर्म बदलला, घराणं राजघराणं झालं, तरी आजोबांच्या गावाची ओढ सुटली नाही!

आणि त्याच काळात या गावात गणित चाललं होतं. जुन्या ग्रंथांत पार्थपूर म्हणून ज्या गावाचा उल्लेख येतो ते म्हणजे पाथरी, असं अभ्यासक मानतात. तिथल्या ज्ञानराजानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. यानं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि 'बीजगणिता'वर टीका लिहिल्या. शिवाय 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं. त्यातला श्लोक सरळ वाचला तर रामकथा, उलटा वाचला तर कृष्णकथा. दोन सुलतान गावासाठी लढत होते तेव्हा सूर्यदास लहानाचा मोठा होत होता.

वैष्णव गल्लीतल्या साईमंदिरातही जाऊन आले. आमच्या लहानपणी तिथे हे देऊळ नव्हतं. साईबाबांच्या जन्मगावाविषयी दोन मतं आहेत. २०२० च्या जानेवारीत त्यावरून शिर्डी बंदही झाली होती. त्या वादात मी पडत नाही. पण म्हाळसापतींची एक आठवण नोंदलेली आहे. आपण पाथरीचे, असं बाबा त्यांना म्हणाले. त्या वेळी पाथरीकडची काही माणसं शिर्डीला आली होती आणि बाबा त्यांच्याकडे तिकडच्या माणसांची नावं घेऊन चौकशी करत होते. मला ही आठवण फार जवळची वाटते. सुलतानानं गाव मागितलं, बाबांनी नुसती माणसं विचारली.

परत आमच्या गल्लीत आले, तर शेजारच्या दारातून हाक आली, "अगे, गुरुजी की बेटी ना तू? धूप में कायको खडी? अंदर आ!" शेजारच्या खाला. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं, पण चालीवरून ओळखलं म्हणाल्या. चहा येईपर्यंत त्यांनी माझ्या तिन्ही भावांची घरातली लाडाची नावं घेऊन एकेकाची विचारपूस केली. मोठ्याचा दमा कसा आहे, धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं का, आणि आई शेवटी फार आजारी होती का.

माझ्या पिशवीत वाड्याचा जुना कागद होता, निजामाच्या राजवटीतला, उर्दूत लिहिलेला. वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना यायचं. आम्हा भावंडांत कुणालाच येत नाही. तो कागद खालांच्या नातवानं अडखळत वाचून दाखवला. जागेची लांबी-रुंदी झाली आणि मग चतुःसीमा आली. पूर्वेला अमक्याचं घर. नातू थांबला आणि म्हणाला, "दादी, ये तो अपने परदादा का नाम है." म्हणजे खालांचे सासरे. आमच्या घराच्या कागदात त्यांचं नाव होतं, आणि त्यांच्या कागदात नक्कीच आमच्या आजोबांचं असणार. माझा बांध राखला गेला नाही तो इथे.

दुपारी निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला, सही केली. वाडा आमचा राहिला नाही. तो पाडून तिथे दुकानं होतील. वाईट वाटलं, आजही वाटतं. मूळ कागद घेणाऱ्याला द्यावा लागला. त्याची झेरॉक्स मी ठेवून घेतली आहे. निघताना खाला म्हणाल्या, "घर बिका तो क्या, आते जा." दार उघडणारं माणूस अजून आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दिवाळीनंतर त्यांच्याकडे जाणार आहे.

आता आपल्याविषयी. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा प्रत्येकाचं गाव दुसरीकडे होतं. आपल्या मुलांचं गाव मात्र ही सोसायटीच आहे. घरी गेल्यावर आपापला फ्लॅटचा कागद काढून बघा. त्यातही चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला कोण, उत्तरेला कोण. ती माणसं आपण नावानिशी ओळखतो का, त्यांच्या घरात कोण आजारी आहे हे ठाऊक असतं का, एवढंच विचारायचं आहे.

आणि संचालक मंडळाला एक विनंती. थंडीत एका रविवारी मुलांची सहल पाथरीला काढा. सूर्यदासाचं उलटसुलट काव्य मी समजावून सांगेन, आणि चहा खालांकडे. पुढच्या वेळी जिंतूर, मग गंगाखेड. ज्याचं गाव त्यानं दाखवायचं.