मोजून बांधलेले कपाट : अध्यक्षीय भाषण

कपाटाची परीक्षा कपडा काढताना होत नाही, तो परत ठेवताना होते. काढताना गरज असते, म्हणून चार घड्या विस्कटूनही हवी ती साडी ओढून काढली जाते. ठेवताना गरज संपलेली असते. जागा सहज सापडली नाही तर तोच कपडा खुर्चीच्या पाठीवर, पलंगाच्या कडेला किंवा दारामागच्या खुंटीवर जातो. प्रत्येक कपड्याला परतीची सोपी जागा देणे हेच कपाटाच्या रचनेचे मूळ काम आहे. गृहरचनेच्या व्यवसायात लॅमिनेटचा रंग आणि आरशाचे दार यांवर जेवढी चर्चा होते तेवढी या कामावर होत नाही. सुरतेसारख्या कापडाच्या शहरात ही उणीव विशेष खटकते.

जुन्या मराठी घरात प्रत्येक साधनाचे काम ठरलेले होते. रोजच्या लुगड्या-धोतरांसाठी वळणी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा, घडीच्या कपड्यांसाठी फडताळ आणि सणावाराच्या वस्त्रांसाठी पेटी. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. वाळवी, उंदीर आणि चोर यांपासून या कपाटांनी संरक्षण दिले. पण दागिने, कागदपत्रे, शालू आणि रोजचे सदरे एकाच दाराआड आले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने सुरतेत आलेल्या अनेक कुटुंबांचा संसार पत्र्याच्या ट्रंकेत मावत असे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांतील लहान घरांत ट्रंकेवर ट्रंक आणि त्यावर गाद्या, अशी रास आजही दिसते. खालची ट्रंक उघडायची तर वरचे सारे उतरवावे लागते. नव्या फ्लॅटमधील खोल कप्प्यांतही हाच दोष आहे, फक्त त्याला आता सनमायका लागला आहे.

रचनेची सुरुवात टेपने भिंत मोजून नव्हे, कपडे मोजून व्हावी. टांगायचे किती, घडीचे किती, वर्षातून दोनदाच लागणारे किती, हे घरातल्या प्रत्येक माणसामागे लिहून काढावे. सुरतेत या यादीत आणखी एक नोंद लागते. अनेक घरांत स्त्रिया साड्यांना लेस लावण्याचे, खडे चिकटवण्याचे काम घरी आणून करतात. ते गठ्ठे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून त्यांना स्वतंत्र, पुसता येईल असा कप्पा हवा.

मोजणीनंतर कापडाची जात पाहावी. पॉलिएस्टरच्या जॉर्जेट साड्यांना दमटपणाचे भय नसते, कसरही त्यांच्या वाटेला जात नाही. मात्र त्या निसरड्या असल्याने त्यांची चळत ढासळते. त्या टांगाव्यात किंवा ट्रेमध्ये उभ्या घड्यांनी ठेवाव्यात. सुती साडी दीर्घकाळ ठेवायची तर खळ धुऊन काढावी, कारण खळीवर कसर पोसते. खऱ्या जरीची गोष्ट वेगळी आहे. सुरतेचे कारागीर चांदीची बारीक तार चपटी करून धाग्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. गंधकाच्या संपर्काने चांदी काळवंडते. रबर आणि लोकर यांत गंधक असते, म्हणून रबरी पट्ट्या किंवा शाली जरीच्या साडीलगत ठेवू नयेत. जड साडी टांगल्यास वजनाने ताणली जाते. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेल्या पैठणीचा काठ उलगडला, की घडीच्या रेषेवर तार तुटून आतला धागा उघडा पडलेला दिसतो. अशी साडी जुन्या धुवट मलमलीत गुंडाळून आडवी ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच नकोत: जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकात त्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

यानंतर मापे येतात. हँगर आडवा नीट राहण्यासाठी कपाटाची खोली २४ इंच लागते. सरकती दारे असतील तर तीन-चार इंच अधिक. सदरे आणि दुमडलेल्या पँटींसाठी दांडीखाली ४० ते ४२ इंच पुरतात, लांब अनारकलीला ६० इंच लागतात. घडीच्या साड्यांचा कप्पा १० ते १२ इंच उंच असावा. त्याहून उंच कप्प्यात चळत वाढते आणि तळची साडी काढताना वरच्या साऱ्या हलतात. २४ इंच खोल फळीवर साड्यांच्या दोन रांगा लागतात व मागची रांग विसरली जाते. तेथे बाहेर ओढता येणारा ट्रे द्यावा. रोजचे कपडे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, क्वचित लागणारे वर. घरातील सर्वांत बुटक्या प्रौढ व्यक्तीचा हात जेथे पोहोचतो, तेथे रोजच्या वापराची हद्द संपते.

सुरतेच्या पावसाळ्याचा विचार लाकूड निवडतानाच करावा. ओलावा लागल्यावर पार्टिकल बोर्ड फुगतो आणि स्क्रू सैल पडतात. म्हणून निदान खालच्या भागाला तरी आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड वापरावे. न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून कपाट बांधू नये. दुसरा इलाज नसेल तर मागे हवेची फट सोडावी. दारांना वायुवीजनाची जाळी असावी आणि उन्हाळा संपताना एकदा कपाट रिकामे करून उघडे ठेवावे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि खाडीकाठच्या लिंबायतसारख्या वस्त्यांत पावसाळी पाणी घरांत शिरते. तळमजल्यावरच्या घरात कागदपत्रे, दाखले आणि शालू सर्वांत खालच्या खणात कधीही नसावेत. तो खण चपला-बुटांचा आणि धुऊन वापरता येणाऱ्या वस्तूंचा.

एका खोलीच्या घरात कपाट मोठे करून प्रश्न सुटत नाही. तेथे प्रत्येकाला स्वतःचा एक खण मिळणे महत्त्वाचे. शाळकरी मुलीचा गणवेश, दप्तर आणि रिबिनी एका ठरलेल्या खणात, तिच्या हाताच्या उंचीवर असल्या तर सकाळी आईला हाक मारावी लागत नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या लूम कामगाराचा बदलीचा जोड दाराजवळच्या खुंटीला असला तर झोपलेल्या घराला जाग येत नाही. चाळीतली खुंटी आणि वळणी टाकाऊ नाहीत. एकदा घातलेला पण अजून न मळलेला कपडा घडीच्या कपड्यांत मिसळू नये, आणि त्यासाठी त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. नव्या कपाटातही अशा कपड्यांसाठी चार खुंट्यांची मोकळी पट्टी सोडली पाहिजे.

या व्यवसायात एक शिस्त रूढ व्हावी. कपाट बसवून सहा महिने झाले की रचनाकाराने आणि सुताराने मिळून त्या घरी जावे आणि आधी खुर्चीकडे पाहावे. खुर्चीवर कपडे साठले असतील तर त्यातला प्रत्येक कपडा कोणत्या खणातला आणि तो तेथे परत का गेला नाही, हे घरच्यांना विचारावे. दांडी दोन इंच खाली घ्यावी, फळी सरकवावी, ट्रे बसवावा. त्यासाठी फळ्यांच्या टेकूंची भोके सुरुवातीलाच ओळीने पाडून ठेवलेली असावीत.