टाळेबंदीतलं निळं आकाश

२०२० सालची टाळेबंदी आठवा. रस्त्यांवरची वाहनं थांबली. बऱ्याच कारखान्यांची धुराडीही थंडावली. काही दिवसांतच शहरांची हवा निवळली. पंजाबातल्या जालंधरहून धौलाधारची हिमशिखरं दिसू लागली. तेव्हा अनेकजण म्हणाले, महामारीनं निसर्ग सावरला. पण श्रोतेहो, थांबणं म्हणजे सुधारणं नव्हे.

असं का? वाहनांच्या धुरातले काही वायू काही तासांत विरतात. कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं टिकतो. २०२० मध्ये त्याचं जगभरातलं उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. तरीही हवेतलं त्याचं प्रमाण वाढतच राहिलं. नळाची धार थोडी बारीक केली, तरी हौद भरतोच ना? पुढच्याच वर्षी उत्सर्जन जवळजवळ पूर्वपदावर आलं. शिवाय मास्क, हातमोजे आणि पीपीई किटच्या कचऱ्याची भर पडली. त्यातलं बरंचसं प्लास्टिक. ते नद्यांत गेलं, समुद्रातही पोहोचलं.

मग कुणी विचारेल, त्या स्वच्छ हवेला काहीच अर्थ नव्हता का? होता. प्रदूषण कुठून येतं, हे तिनं उघड दाखवलं. स्रोत आवरला, तर हवा लवकर सुधारते, हेही कळलं. पण त्यासाठी लाखोंचा रोजगार बुडाला. हा मार्ग पुन्हा नको. भरवशाच्या बसगाड्या, स्वच्छ वीज आणि कचऱ्याचं वर्गीकरण हवं. म्हणजे कामं चालू राहतील, हवाही स्वच्छ राहील. म्हणून पुन्हा सांगतो, थांबणं म्हणजे सुधारणं नव्हे. चालण्याची रीत बदलणं, हीच खरी सुधारणा.