वाटी आणि तराजू

शेंगदाणे वाटीनें मोजावे कीं तराजूनें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरांत दूध बेताचें असून दाण्यांवरच मुलांच्या पोषणाची भिस्त असते, तेथें तो क्षुल्लक राहत नाहीं. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनें असतात. माप चुकलें, कीं पानांतलें पोषणही तितकेंच चुकतें.

तोलून मापून आहार ठरविण्याचा परिपाठ वर्ध्यास अपरिचित नाहीं. १९३५ सालीं गांधीजी मगनवाडींत राहत असतां तेथें सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग झाले. पुढें १९४२ सालीं आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांत आरोग्याविषयीं लिहितांना त्यांनीं रोजचा आहार सांगितला, तो वजनांत: धान्य सहा औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम; तूप दीड औंस.

गृहिणीचा व्यवहार मात्र मापावर चाले. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर हें नांव मापालाही होतें आणि वजनालाही. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेरांत मात्र जो जिन्नस भरावा, त्याप्रमाणें वजन बदले. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति आली व ऑक्टोबर १९५८ पासून बाजारांत किलोग्रॅम रुळूं लागला. स्वयंपाकघरांत वाटी तशीच राहिली.

वाटी फसविते, याचें कारण तिच्यांतील हवा. ज्या भांड्यांत २४० ग्रॅम पाणी मावतें, त्यांत कच्चे शेंगदाणे सुमारे १४५ ग्रॅमच मावतात. उरलेली जागा दाण्यांमधील पोकळीची. त्याच भांड्यांत अखंड बदाम सुमारे १४३ ग्रॅम, तर बदामाची सैल भरलेली पूड सुमारे ९५ ग्रॅम भरते. तीच पूड दाबून भरली, तर वजन वाढतें.

म्हणून ‘एक वाटी शेंगदाण्यांचें कूट’ आणि ‘एक वाटी शेंगदाणे कुटून’ हे दोन निराळे जिन्नस होत. एक वाटी बदामाची पूड सांगितली असतां एक वाटी अखंड बदाम दळून घातले, तर जिन्नस दीडपट पडतो आणि बर्फीचा पाक अपुरा होतो.

यावर उपाय सोपा आहे. घरीं तराजू नसल्यास दुकानांत तोलून घेतलेले अर्धा किलो दाणे नेहमींच्या वाटीनें मोजावे. वाटी सपाट भरावी. शीग नको, आपटणें नको. सहा वाट्या भरल्या, तर एका वाटींत सुमारे ८३ ग्रॅम दाणे मावतात आणि शंभर ग्रॅमांस सव्वा वाटीहून किंचित कमी दाणे लागतात. हा आंकडा डब्यावर चिकटवून ठेवावा. काजू, बदाम व कूट यांचा आंकडा निरनिराळा काढावा. एकाचा दुसऱ्यास लावूं नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. भाजतांना ओलावा जाऊन दाण्यांचें वजन घटतें. आणि शेंगा घेतल्यास वजनाचा पाव भाग किंवा त्याहून थोडा अधिक टरफलांतच जातो. कुटल्यानें मात्र वजन बदलत नाहीं. शंभर ग्रॅम दाण्यांचें कूट शंभर ग्रॅमच राहतें. बदलतें तें केवळ त्यानें व्यापलेलें स्थळ. यास्तव दाणे आधीं तोलावे, मग कुटावे. एवढा क्रम पाळला, तर पाककृति बिघडत नाहीं आणि मुलांच्या वांट्यास ठरलेलें पोषण पुरतें येतें.